सावलीची हत्यारं : गेमच्या कामाच्या नोंदी

९ मार्च

व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं वाहून जातं, कोणी काय ठरवलं ते आठवड्यानं कुणालाच आठवत नाही, म्हणून आजपासून इथे लिहितोय.

कल्पना एवढीच की माणूस स्वतःची सावली पायापासून कापून घेतो आणि तिचं हत्यार करतो, आणि हत्यार हातात असेपर्यंत त्याला सावली नसते. टेबलावर बसून खेळायचा गेम, चार-पाच खेळाडू, एक सूत्रधार, फासे, कागद, पेन्सिल. भाषा मराठी. काळ पेशवाई संपत आलेली तेव्हाचा, गाव पुणे. पुणेच का, तर उन्हाचे आकडे आम्हाला गच्चीवर जाऊन तपासता येतात म्हणून, बाकी जाज्वल्य वगैरे काही नाही.

माझी एकच अट आहे आणि ती मी सोडणार नाही. जादू फक्त कापण्यापुरती. कापल्यावर हातात जे येतं ते त्या क्षणी उन्हानं जमिनीवर जे पाडलं होतं तेच, तेवढंच लांब, तेवढंच गडद. "माझी तलवार आगीची आहे" टाइप प्रकार नकोत, ते दुसरीकडे ढीगभर आहेत.

१४ मार्च

दादा आला होता. (चुलतभाऊ, कॉलेजात फिजिक्स शिकवतो, गेम वगैरे खेळत नाही पण एक्सेल दिसलं की थांबत नाही.) पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा धरून त्यानं सावलीच्या लांबीचं टेबल करून दिलं. उंची गुणिले अमुक असं. २१ डिसेंबरला भर दुपारी सुद्धा सावली उंचीच्या ०.९ पट, मार्चमध्ये दिवसरात्र सारखे असतात तेव्हा दुपारी एक तृतीयांश, आणि जूनमध्ये दुपारी जेमतेम ०.०९ पट, ती पण दक्षिणेला, कारण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. हे मला माहितीच नव्हतं, म्हणजे शाळेत वाचलं असणार पण आपण कधी मान वर करून बघितलंय.

अजून एक गोष्ट, घड्याळातले बारा म्हणजे पुण्याची दुपार नाही. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७३.८५ ला, म्हणजे सूर्य माथ्यावर यायला साधारण १२:३५ होतात, महिन्याप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. गेममधला काळ या प्रमाणवेळेच्या खूप आधीचा, त्यामुळे गेममध्ये सगळी वेळ स्थानिक सूर्याची धरायची, बारा म्हणजे माथ्यावर. ठरलं.

हत्यारांची पहिली वाटणी: सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर भाला, विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला). मधल्या वेळी तलवार. दुपारी कट्यार, बिचवा. सोपं आहे, शिकवायला दोन मिनिटं पुरतात.

२२ मार्च

लांब सावली म्हणजे भारी हत्यार असं झालं तर सगळे खेळाडू संध्याकाळची वाट बघत बसतील. म्हणून धार.

हे दादाचंच. सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कडा धूसर होते. हिशोब असा की वस्तूपासून जमीन जितकी लांब, त्याच्या साधारण एकशे आठाव्या भागाएवढी कडा पुसट. पायाची सावली पायाला चिकटलेली म्हणून कडक, डोक्याची सावली अडीच मीटर प्रवास करून आली असेल तर दोन-सव्वादोन सेंटिमीटर पुसट. खाली जाऊन बघा, खरंच दिसतं. बुटाची कडा ब्लेडनं कापल्यासारखी आणि केसांचा नुसता गोळा.

मग प्रश्न आला की मूठ कुठली. आम्ही सगळे इतके दिवस धरून चाललो होतो की पायाकडून धरायचं आणि डोकं म्हणजे टोक, चित्रकार मैत्रिणीनं तशी चार स्केचेस पण केलीत. पण धार तर पायाकडे आहे! म्हणजे सावली कापली की उलटी धरायची, डोक्याकडची पुसट बाजू मूठ, आणि जिथे पायापासून कापली ती कड म्हणजे पातं. कापलेल्या जागेलाच धार. मला हे इतकं आवडलं की मी तिला रात्री साडेअकराला फोन केला. ती म्हणाली, "अरे मग परज कुठे येणार?" (परज म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टी.) खांद्यांची सावली म्हणजे परज. डोकं मुठीत, खांदे परज, धड आणि पाय पातं, आणि पाय फाकवून उभा असेल तर दोन पाती. ती म्हणाली ठीके, स्केचेस परत करते, पण आता हे शेवटचं.

लांबीला मर्यादा कुठे घालायची ते पण यातच सुटलं. डोकं साधारण १५ सेंटिमीटर रुंद, त्याच्या १०८ पट म्हणजे १६ मीटर, त्यापुढे डोक्याची पूर्ण गडद सावली उरतच नाही, नुसता फिकट डाग. सूर्य ६ अंशांच्या खाली गेला की साधारण हीच अवस्था, म्हणजे पुण्यात मावळायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास. त्या वेळी कापली तर मुठीविना हत्यार. धरायला जागाच नाही. वेगळा नियम लिहायची गरज नाही, सूर्यच लिहून देतोय.

५ एप्रिल

आजचा दिवस पुराणांचा. "सावलीची हत्यारं ही जपानी कार्टूनमधली आयडिया वाटते" असं एकजण म्हणाला, तर त्याला हे वाचून दाखवलं.

संज्ञा सूर्याची बायको, तिला त्याचं तेज सहन होईना म्हणून ती आपल्या जागी आपली सावली, छाया, ठेवून निघून गेली. शनी हा त्या छायेचा मुलगा. पुढे संज्ञेच्या बापानं, विश्वकर्म्यानं, सूर्याला यंत्रावर चढवून त्याचं तेज तासलं, आणि त्या तासलेल्या तेजाचं सुदर्शन चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी हत्यारं केली. विष्णुपुराणात आहे. म्हणजे उजेड तासून देवांची हत्यारं झाली, आणि त्याच गोष्टीत सावलीची एक जितीजागती बाई झाली जिनं संसार केला आणि पोरं वाढवली. मग सावली तासून माणसांची हत्यारं व्हायला काय हरकत आहे. गेममधल्या कारागिरांचं घराणं इथूनच आपली कुळकथा सांगेल, खरी की खोटी ते खेळाडूंनी ठरवावं.

दुसरी सिंहिका. सुंदरकांडात मारुती समुद्रावरून उडत असताना ती त्याची पाण्यावरची सावली पकडते आणि तो हवेत अडकतो. कुस्तीच्या नियमांत हे सरळ घेतलं: समोरच्याच्या सावलीवर पकड बसली तर तो एक डाव हलू शकत नाही. ज्याच्या हातात सावलीचं हत्यार आहे त्याला मात्र असं पकडता येत नाही, कारण जमिनीवर काही नाहीच.

तिसरं नल-दमयंती. स्वयंवरात पाच नल बसलेत, चार त्यातले देव, दमयंती ओळखते कारण देवांना सावली नाही, पापणी हलत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. आणि आपल्याकडे गावात भुताची खूण कुठली, तर पाय उलटे आणि सावली नाही. म्हणजे सावली नसलेला माणूस एक तर देव नाहीतर भूत, मधलं काही नाही! हत्यार उपसलं की बघणाऱ्यांसाठी एक फासा टाकायचा, ते पाया पडतात की दगड उचलतात. हा नियम सगळ्यांना आवडला, बहुतेक यावरच जास्त हसणार लोक.

१९ एप्रिल

राजा केळकर म्युझियमला गेलो, मी आणि चित्रकार. ती शस्त्रांच्या विभागात, मी दिव्यांच्या. (अडकित्त्यांपाशी दोघंही जास्त वेळ थांबलो, त्याचा गेमशी काही संबंध नाही.)

दांडपट्टा परत नीट बघितला. मूठ म्हणजे कोपरापर्यंतचं लोखंडी आवरण, त्यात आडवी दांडी धरायची, त्यामुळे मनगट वळत नाही, सगळा फिरवण्याचा जोर खांद्यातून आणि कमरेतून, आणि पातं लांब, लवचिक. सावलीचा पट्टा कसा करायचा हे अडलं होतं कारण सावली सपाट जमिनीवर सरळच पडते. तिनं बाहेर आल्यावर पायऱ्यांकडे बोट दाखवलं. पायऱ्यांवर सावली मोडत मोडत उतरते. जिथे पडली तिचा आकार घेते. म्हणजे पायरीवर कापली तर घडीघडीचं, लवणारं पातं. भिंतीवर पडलेली कापली तर कोनात वाकलेलं. नदीच्या वाहत्या पाण्यावरची कापायला जाऊ नये, पण खेळाडू जाणार, मी ओळखतो त्यांना.

यामुळे जागेला महत्त्व आलं. वाड्याचा चौक, घाटाच्या पायऱ्या, अरुंद बोळ जिथे दुपारशिवाय ऊनच येत नाही. नकाशाला अर्थ आला.

२६ एप्रिल

रात्रीचे नियम, पटकन लिहितो. मशाल आणि दिवटी: ज्योत हलते म्हणून हत्यार हातात थरथरतं, नेम धरायला वजा दोन. दोन दिवे: दोन सावल्या, दोन्ही अर्ध्या फिकट, जोडहत्यार पण घाव अर्धा. समई: पाच वातींच्या पाच पुसट सावल्या, वाघनखाला बरी. पौर्णिमा: चंद्र आकाशात सूर्याएवढाच रुंद दिसतो, त्यामुळे चांदण्यातल्या सावलीची कडा उन्हातल्याइतकीच नेटकी, फक्त गडद कमी. म्हणून पौर्णिमेचं हत्यार धारदार पण ठिसूळ, एका घावात संपतं. अमावास्येला काही नाही, घरी झोपा.

१४ मे

शून्य सावली. पुण्यात मेमध्ये हाच दिवस किंवा आदला, आणि परत ३० जुलैच्या आसपास, पण तेव्हा ढग. साडेबाराच्या सुमाराला गच्चीवर एक सरळ पाइप ओळंब्यानं उभा केला आणि सगळे उन्हात घाम पुसत बसलो. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडात गेली. खालच्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालायला आल्या होत्या, त्या पण थांबल्या.

आमचा जुना नियम होता की या वेळी कुणालाच हत्यार नाही, सगळे निःशस्त्र. पण काकूंकडे बघा ना, पाइपाची सावली गेली तरी माणसाची जात नाही! माणूस पाइप नाही, त्याला खांदे आहेत, त्याची सावली त्याच्याच पायाखाली गोल गोळा होते. गोल, लहान, गडद. ढाल! तलवारी नाहीत पण प्रत्येकाकडे ढाल आहे अशी वर्षातली थोडी मिनिटं. तहाची बोलणी याच मुहूर्तावर होतात असं जगात लिहिलं. काकूंनी विचारलं, कशाचं मोजताय, तर चित्रकार म्हणाली, "काकू, तुमची ढाल." त्यांनी पापड उचलले आणि गेल्या.

२५ मे

कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन आलो, चामड्याच्या छायाबाहुल्या बघायला. ठाकर समाजाची ही कला, चित्रकथीसारखीच तिथली, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री याच कामासाठी. बाहुली पडद्याला टेकवली की सावली कडक, मागे दिव्याकडे नेली की मोठी आणि धूसर. दादाचा अख्खा हिशोब इथे हातानं होतो. "सूत्रधार" हे नाव आम्ही आधीपासून वापरत होतोच, आता सूत्रधाराला एक खरा नियम दिला: तो दिवा सरकवू शकतो, प्रसंगात एकदा.

१ जून

पहिली मोठी प्लेटेस्ट. सहाजण, माझ्या हॉलमध्ये. प्रसंग साधा: वेशीच्या बाहेरची टोळी, वेशीच्या आतला वाडा, कागदपत्रं आणायची. सूत्रधार मीच. मी सुरुवातीलाच वेळ सांगितली, दुपारचे तीन, आणि तक्त्यात बघून म्हटलं की आता सावली साधारण उंचीएवढी आहे, थोडी जास्त, १.१ पट.

आमच्यातला एकजण, ज्याच्या घरी दर्शनी भिंतीवर लहुजी वस्तादांचा फोटो आहे, तो तक्ता हातात घेऊन बराच वेळ बघत होता. म्हणाला, "तीन आणि नऊ. हे दोन आकडे कुठून आले?" मी म्हटलं कुठून म्हणजे, सूर्यावरून, बाराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तास, सावली सारखीच असणार. तो म्हणाला, "हो, त्यांना पण तसंच सुचलं असणार." आणि मग त्यानं सांगितलं. टेबलावर कुणीच काही बोललं नाही, मग चहा झाला, मग खेळ पुढे चालू केला, पण माझं लक्ष नव्हतं.

८ जून

आठवडाभर वाचतोय. घुर्ये यांच्या "कास्ट अँड रेस इन इंडिया" (१९३२) मध्ये आहे: मराठे आणि पेशव्यांच्या राज्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत यायला बंदी, कारण त्या वेळी अंगाची सावली लांब पडते आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडून विटाळ होतो.

दादाला फोन केला, परत आकडे काढले. दिवसरात्र सारखे असताना नऊ आणि तीनला सावली उंचीच्या १.१ पट, डिसेंबरात १.८ पटीच्या जवळ, जूनमध्ये ०.९. म्हणजे ढोबळमानानं जिथे सावली माणसाएवढी होते तिथे रेघ मारली होती. आम्ही तलवार आणि भाल्याच्या मध्ये जी रेघ मारली, खेळ समतोल राहावा म्हणून, ती त्याच जागी आहे.

मुक्ता साळवेचा निबंध पण परत वाचला, १८५५ चा, ज्ञानोदयमधला, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. त्यात ती लिहिते की तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. हे शाळेत असताना वाचलं होतं तेव्हा भाषेचा नमुना म्हणून वाचलं होतं, आता हत्यारांचा गेम करताना वाचलं तर वेगळंच दिसतं, तालीमखान्यावरून नुसतं चालत जाणं हाच गुन्हा. आणि पेशवाई गेल्यावर त्याच पुण्यात लहुजी साळवे तालीम चालवतात आणि जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकतात.

आता प्रश्न. १८०० च्या पुण्यात सावलीच्या लांबीवर गेम करायचा आणि हे बाहेर ठेवायचं, असं होऊच शकत नाही. एक सोपा रस्ता म्हणजे गाव बदलायचं, काल्पनिक नगर करायचं, दोघांनी सुचवलं पण. मला पटत नाही. गाव बदलून सूर्य बदलत नाही, आणि ज्यांनी हे भोगलं त्यांना आपण फक्त आपल्या सोयीसाठी नकाशाबाहेर काढल्यासारखं होईल, ते एकदा झालंय.

२१ जून

दुसरी प्लेटेस्ट, वेशीच्या नियमासह. आधी मी मसुद्यात वेशीबाहेरच्या पात्रांना "दुःखाचा बोनस" टाइप काहीतरी दिलं होतं, अपमान झाला की फाशावर अधिक एक. लहुजींच्या फोटोवाल्या मित्रानं तो कागद वाचला आणि मला परत दिला. "मला दया नको, फासे दे. नियम सगळ्यांना एकच ठेव, सूर्याचा, मग काय होतं ते बघ."

तसंच केलं, आणि काय झालं ते लिहितो कारण हे मी टेबलावर बसून कधी शोधू शकलो नसतो. नऊ ते तीन वेशीच्या आत असायची परवानगी, म्हणजे आत असताना टोळीच्या हातात आखूड, धारदार हत्यारं, कट्यारी, बिचवे. गर्दीत, बोळात, वाड्याच्या जिन्यात हेच उपयोगी, भाला तिथे फिरवता पण येत नाही. तीनला वेस बंद, टोळी बाहेर, आणि बाहेर उघड्या माळावर तीच माणसं संध्याकाळी चार-चार मीटरच्या भाल्यांनिशी. शिपाई मात्र दिवसभर चौकीच्या छपराखाली, सावलीत सावली पडत नाही, त्यांना हत्यार कापायला उन्हात यावं लागतं. टोळीनं तीनच्या ठोक्यापर्यंत थांबून, बाहेर हाकलून घेतलं स्वतःला, आणि हाकलायला आलेले सगळे शिपाई उन्हात आले.

शिपायाचं पात्र खेळणारा नंतर म्हणाला की त्याला सगळ्यात भीती त्या क्षणी वाटली जेव्हा समोरच्याची सावली सरकत सरकत त्याच्या पायाशी आली, हत्यार उपसलं नव्हतं तरी. मग तो गप्प झाला. मी पण काही बोललो नाही, मित्र फासे गोळा करत होता.

विटाळाचा नियम गेममध्ये नाही. वेशीवरची पात्रं तो मानतात, गेम मानत नाही. सावली अंगावर पडली तर तक्त्यानुसार काहीही होत नाही, शून्य, आणि हे शून्य तक्त्यात छापायचं.

६ जुलै

पाऊस. ढगाळ आकाशात उजेड सगळीकडून येतो, सावली धूसर, हत्यार नाही. पावसाळ्यात गेममध्ये लढाई जवळपास बंद, बोलणी, कर्ज, लग्नं, फितुरी. खऱ्या मराठा फौजा पण पाऊस संपल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रपूजा. आम्हाला वेगळं काही रचावं लागलं नाही. खंडेनवमीला आमच्या जगात माणसं उन्हात उभी राहून स्वतःच्या सावलीला हळद-कुंकू वाहतात. चित्रकारानं याचं पान केलंय, पूर्ण गेममधलं सगळ्यात भारी चित्र.

लहुजी वस्ताद पात्र म्हणून नाहीत, हे पण आज नक्की झालं. वस्तादाचं पात्र आहे, काल्पनिक आहे, बाई आहे.

२ ऑगस्ट

चाचणी आवृत्ती छापायला गेली. काळा रंग जास्त लागतो म्हणून प्रिंटिंगवाल्यानं भाव वाढवून सांगितला, सावल्यांचा गेम आहे म्हटल्यावर म्हणाला मग पिवळ्या कागदावर छापा, ऊन फुकट मिळेल. वाईट कल्पना नाही, सॅम्पल मागवलंय.

राहिलेली कामं: ग्रहणाचा नियम (सूर्याची कोर उरते तेव्हा सावलीची एका दिशेची कडा कडक आणि दुसरीकडची पुसट होते, म्हणजे एकधारी हत्यार; २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे संध्याकाळी खंडग्रास आहे, त्याच्या आत पुरवणी निघाली तर मजा). नागपूरचा तक्ता दादा करतोय, अक्षांश २१ च्या वर, तिथले खेळाडू म्हणतात आमचं ऊन पुण्याच्या उन्हात मोजू नका, बरोबर आहे त्यांचं. वेशीच्या प्रकरणाची प्रस्तावना मित्र लिहिणार आहे, मी नाही, आणि त्यानं मागितलेली जागा दोन पानं आहे, ती कमी करायची नाही, कमी करायचीच असेल तर माझी पुराणांची पानं करा.

आणि गच्चीवरचा ओळंबा माझा नाही, वॉचमन काकांच्या मुलाचा आहे, तो गवंडीकाम करतो. ज्यानं नेलाय त्यानं आणून द्या, त्याला सोमवारी साइटवर लागणारे.